अल्पायुषी पक्षाची नोंद कशी करावी : महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष

तळकोकणाचा अलीकडचा राजकीय इतिहास लिहिताना महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाची नोंद करायची असेल, तर आधी दोन तारखा वहीत मांडाव्यात : १ ऑक्टोबर २०१७ रोजी नारायण राणे यांनी केलेली स्थापना आणि १५ ऑक्टोबर २०१९ रोजी, विधानसभेच्या मतदानाला सहा दिवस उरले असताना, कणकवलीत झालेले भाजपमधील विलीनीकरण. या मर्यादेबाहेरचे काहीही पक्षाच्या खात्यावर टाकू नये. मर्यादेच्या आतलेही तपासूनच घ्यावे, कारण २०१८ मध्ये राणे राज्यसभेवर गेले ते भाजपचे उमेदवार म्हणून, तर या काळात आमदार असलेले त्यांचे पुत्र नितेश राणे २०१४ मध्ये कणकवलीतून निवडून आले होते ते काँग्रेसच्या चिन्हावर. नेत्याची कारकीर्द म्हणजे पक्षाची कामगिरी नव्हे; स्थानिक लेखनात नेमकी इथेच गल्लत होते.

नावांचीही सरमिसळ टाळावी. राजू शेट्टी यांचा स्वाभिमानी पक्ष वेगळा आणि नितेश राणे यांची स्वाभिमान संघटना तर या पक्षाच्या आधीची.

आकड्यांसाठी २०१९ ची रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा निवडणूक पाहावी. तिथे शिवसेनेच्या विनायक राऊत यांनी पक्षाचे उमेदवार नीलेश राणे यांचा पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. एकूण बेरजेवर न थांबता मतदान केंद्रनिहाय निकालाचा नमुना २० मिळवावा आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या सहा विधानसभा मतदारसंघांची मते वेगवेगळी मांडावीत. पक्षाचा खरा आवाका त्यातूनच कळतो. नगरपंचायतींचे निकाल राज्य निवडणूक आयोगाकडे पाहावेत. ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नसल्यामुळे ‘इतक्या ग्रामपंचायती आमच्या’ ही विधाने केवळ दावा म्हणूनच नोंदवावीत.

पक्षाला ‘उजवा’ म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. तो राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या बाजूने उभा राहिला हे खरे, पण नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला त्याने विरोधही केला होता. म्हणून आघाडीची भूमिका आणि स्थानिक प्रश्नांवरची भूमिका स्वतंत्र रकान्यांत लिहावी. वृत्तपत्रांची कात्रणे जमवताना ‘प्रहार’ हे दैनिक राणे यांनीच सुरू केलेले आहे याचे भान ठेवून, त्यातील प्रत्येक बातमीशेजारी त्याच दिवशीच्या दुसऱ्या दैनिकातील बातमी लावावी.