जुनं चीज खायला शिकायचंय? आधी एकच धरा

चीजच्या काउंटरवर एवढी नावं असतात की डोकंच चालत नाही. त्यापेक्षा एकच चीज धरायचं आणि त्याचं वय बदलून खाऊन बघायचं. माझं मत गौडाला, म्हणजे नेदरलँड्सच्या चीजला. एक कोवळा घ्या, दोनेक महिन्यांचा, आणि एक वर्षभर तरी मुरलेला. प्रत्येकी 50-100 ग्रॅम बास, महाग प्रकरण आहे, किलोभर आणून घरच्यांची बोलणी खाऊ नका.

फ्रीजमधून काढून थेट तोंडात टाकायचं नाही, थंडगार चीजला वासच येत नाही आणि अर्धी चव वासातच असते. पण तासभर बाहेर ठेवा वगैरे सांगतात ते थंड देशातलं गणित, आपल्या गोव्यात मे महिन्यात वीस मिनिटांत त्याला घाम फुटतो, तेवढं पुरे.

आधी कोवळा खा. मऊ, लवचिक, दुधा-लोण्याची चव. मग जुना. सुरी लावली की ढलप्या पडतात, रंग गडद, चव खारट-गोडसर, जळक्या साखरेकडे झुकणारी, आणि दाताखाली बारीक कचकच. ते मीठ नाही हां, चीज मुरताना प्रोटीन तुटतात त्यातून टायरोसिन नावाच्या घटकाचे खडे तयार होतात. पटकन गिळू नका, चावता चावता नाकाने श्वास सोडा, मागची चव तेव्हा कळते.

हे जमलं की इटलीचा कडक पार्मिजानो रेज्जानो, तो किमान 12 महिने मुरवतात, 24 आणि 36 महिन्यांचाही मिळतो. त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, शाकाहारी असाल तर हा नको, बाकीच्यांचंही लेबल बघा. पोर्तुगालच्या सेर्रा दा एस्त्रेला चीजमध्ये मात्र मेंढीचं दूध एका काटेरी झाडाच्या फुलांनी घट्ट करतात, भारीच ना! रोकफोरसारखं निळ्या बुरशीचं सगळ्यात शेवटी, नाहीतर नंतर कशाचीच चव लागत नाही.

सोबत क्रॅकर कशाला, गोव्याचा पाव, पोय आहे की. पोर्तुगीज लोक चीजबरोबर क्विन्स फळाची वडी खातात, आपल्याकडे पेराद, म्हणजे पेरूची वडी आहे, खारट जुन्या चीजवर पातळ काप ठेवून बघाच.

उरलेलं बटर पेपरात गुंडाळून डब्यात, प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळू नका. पावसाळ्यात कडक चीजवर बुरशी दिसली तर आजूबाजूचा इंचभर भाग कापून बाकीचं खाता येतं, मऊ चीज मात्र सरळ फेका. गौडाचं मेण सोलून टाकायचं, पार्मिजानोची कड सूपमध्ये उकळायची.