शून्याच्या प्रेमात पडू नका: उगवत्या बॉक्सरच्या लढतीचं भाकीत करताना या चुका टाळा

दर आठवड्याला कोणी ना कोणी मला आपलं लिखाण वाचायला पाठवतं. येत्या शनिवारी कोण जिंकणार, का जिंकणार. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "१५ लढती, १५ विजय, त्यातले १४ नॉकआउट." कौल कोणाच्या बाजूने जाणार ते मला तिथेच कळतं. पोरगा तरुण आहे, अपराजित आहे, पराभवांच्या रकान्यात शून्य आहे, समोरच्याला झोपवतो, म्हणून तोच जिंकणार. बहुतेक वेळा तो जिंकतोही, आणि घोळ तिथेच होतो. चार-सहा अंदाज लागोपाठ बरोबर आले की लिहिणाऱ्याला वाटायला लागतं की आपल्याला बॉक्सिंग कळतं. त्याला अजून फक्त प्रमोटरची जाहिरात वाचता येत असते.

विक्रम कोणी रचला ते आधी बघा

नवोदिताचा अपराजित विक्रम तो एकटा रचत नाही. त्यात मॅचमेकरचा, म्हणजे लढती जुळवणाऱ्याचा, हात असतो, आणि सुरुवातीच्या काळात तर तोच हात मोठा. प्रमोटरने पोरावर पैसे लावलेले असतात. पोर हरलं तर ते बुडतात, आणि नुसतं सोप्या लढतींवर वाढलं तर पुढे बुडतात. म्हणून मॅचमेकर प्रतिस्पर्धी मापून मापून आणतो. आधी चार राउंडच्या लढती आणि समोर जर्नीमन, म्हणजे गावोगाव लढत, बहुतेक वेळा हरत पोट भरणारा गडी. मग उतरणीला लागलेला एखादा जुना नावाजलेला गडी. मग गेटकीपर, म्हणजे ज्याला हरवल्याशिवाय वरच्या वर्गात प्रवेश नाही असा माणूस.

यातल्या जर्नीमनला हसू नका. इंग्लंडचा पीटर बकली ३०० व्यावसायिक लढती लढला आणि त्यातल्या २५६ हरला. नासीम हमेदसारखी पुढे जगज्जेती झालेली पोरं उमेदवारीच्या काळात त्याच्यासमोर उभी राहून गेली. हे लोक आपलं काम चोख जाणतात: नवख्याला राउंड द्यायचे, स्वतः फार मार खायचा नाही, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात पुन्हा उभं राहायचं. अशांवर मिळवलेल्या विजयांना किंमत आहे, पण ती शिकवणीची.

एडगर बर्लांगाचं उदाहरण तर पाठ करून ठेवा. पहिल्या १६ लढती, सोळाच्या सोळा पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट. २०२१ च्या एप्रिलमध्ये डिमॉन्ड निकल्सन त्याच्यासमोर पूर्ण आठ राउंड टिकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्सेलो कोसेरेसने नवव्या राउंडमध्ये बर्लांगालाच खाली बसवलं. दोन्ही लढती बर्लांगा जिंकला, हे खरं. पण "हा प्रत्येकाला पहिल्या राउंडमध्येच संपवतो" असं लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं की १६ लढतींनंतरही या माणसाचा दुसरा राउंड कोणी पाहिलेलाच नव्हता. दम किती आहे, डोक्याने लढतो का, मार बसल्यावर काय करतो, सगळ्याचं उत्तर एकच: माहीत नाही.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे काही नाही. मी बॉक्सरेक, म्हणजे बॉक्सरांच्या लढतींची नोंद ठेवणारी वेबसाइट, उघडतो आणि विजय-पराभवाच्या आकड्यावर खरोखर हात ठेवतो. मग शेवटच्या सहा प्रतिस्पर्ध्यांची नावं कागदावर उतरवतो. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: त्या दिवशी वय काय होतं, त्याआधीची लढत तो जिंकला होता की हरला होता, आणि तो मुळात याच वजनगटातला की खालून आणलेला. सहातले चार जण आधीची लढत हरून आलेले असतील तर त्या नॉकआउटना मी शून्य गुण देतो. अर्धा तास लागतो. "एवढा वेळ कोणाकडे आहे" असं म्हणणाऱ्यांनी दुसरा छंद बघावा.

हायलाइट्स पाहून मत बनवणं

ही माझी स्वतःची जखम आहे, म्हणून सविस्तर.

२८ नोव्हेंबर २०२०, लंडन. डॅनियल ड्युबुआ विरुद्ध जो जॉइस. साथीमुळे मूळ तारीख पुढे गेलेली, आणि शेवटी चर्च हाउसमध्ये प्रेक्षकांविना लढत. ड्युबुआ २३ वर्षांचा, १५ पैकी १५ जिंकलेला, १४ नॉकआउट. जॉइस ३५ वर्षांचा, चालताना पाण्यातून चालल्यासारखा वाटणारा. मी भलंमोठं विश्लेषण लिहिलं. त्यात ड्युबुआच्या उजव्या हातावर तीन परिच्छेद आणि जॉइसवर एक वाक्य: "संथ आहे, सोपं लक्ष्य आहे." कौल: ड्युबुआ, पाच राउंडांच्या आत.

हे सगळं मी कशाच्या जोरावर लिहिलं? मागे ढोल-ताशासारखं संगीत लावलेल्या चार-चार मिनिटांच्या क्लिप. त्यात ड्युबुआ मारतो आणि समोरचा पडतो, एवढंच असतं. जॉइसच्या क्लिप मी बघितल्या त्या त्याच्या संथपणावर हसण्यासाठी. रिओ ऑलिंपिकचं रौप्य, ब्रायंट जेनिंग्जविरुद्ध पूर्ण बारा राउंड, हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी ते परिचयात टाकलं, कौल देताना विचारात घेतलं नाही.

लढतीत जॉइसने काय केलं? जॅब. पुन्हा जॅब. डाव्या हाताचा तोच कंटाळवाणा, सरळ, न थकणारा ठोसा. ड्युबुआचा डावा डोळा हळूहळू सुजत गेला आणि पूर्ण मिटला. दहाव्या राउंडमध्ये आणखी एक जॅब त्याच डोळ्यावर बसला आणि ड्युबुआ एक गुडघा टेकून खाली बसला, दहा आकडे होईपर्यंत. नंतर कळलं, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्युबुआची २०१८ ची केविन जॉन्सनविरुद्धची लढत पहिल्यांदा पूर्ण पाहिली. दहा राउंड, एकतर्फी, रटाळ. कोणीही तिची क्लिप बनवत नाही. पण सगळी माहिती तिथेच होती. समोरचा पडत नाही म्हटल्यावर ड्युबुआ तेच करत राहिला जे पहिल्या राउंडमध्ये करत होता, आणि त्याचं डोकं जागचं हलत नव्हतं. गुणांवर आरामात जिंकला म्हणून ते कोणाच्या नजरेत आलं नाही. पूर्ण लढत मी त्या आठवड्याच्या आधी पाहिली असती तर कौल कदाचित तोच दिला असता, पण "पाच राउंडांच्या आत" हे लिहायची हिंमत झाली नसती.

तेव्हापासून नियम: दोघांच्याही किमान दोन लढती पूर्ण, आवाज बंद करून. समालोचक पोराच्या प्रत्येक ठोशावर ओरडतो आणि आपल्याला हातमोज्यांवर अडलेले ठोसेही लागल्यासारखे वाटतात. एक राउंड मी फक्त पाय बघतो. एक राउंड फक्त डावा हात: जॅब मारल्यावर तो गालाशी परत येतो का, की कमरेशी लोंबतो? आणि सगळ्यात कंटाळवाणी लढत आधी बघतो. दुप्पट वेगाने बघणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. दम संपत चालला आहे हे ज्यावरून कळतं ते सगळं त्या वेगात पुसलं जातं.

प्रतिस्पर्ध्याचे पराभव नुसते मोजणं

"समोरचा १२ वेळा हरलाय, याला काय धोका?" असं १ मार्च २०१४ ला पुष्कळ जण म्हणत होते. वासिल लोमाचेन्को, दोन ऑलिंपिक सुवर्णं, हौशी कारकिर्दीत एकच पराभव, आणि दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत जगज्जेतेपदाची संधी. समोर ऑर्लांडो सालिडो, १२ पराभव नावावर. सालिडो वजनात बसला नाही, त्यामुळे किताब त्याच्याकडून गेला, पण लढत झाली. त्याने अंगाला अंग लावून, पोटावर, कमरेवर, कधी कमरेखालीही मारत लोमाचेन्कोला विभागलेल्या निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलाने, हरवलं. ते १२ पराभव बारा धडे होते, आणि हौशी बॉक्सिंगच्या तीन राउंडांत असले धडे मिळत नाहीत.

पराभव मोजू नका, वाचा. कोणाकडून, कोणाच्या गावात, किती दिवसांच्या सूचनेवर, गुणांवर की पंचांनी लढत थांबवून? परक्या गावात गुणांवर थोडक्यात हरलेला गडी पुष्कळदा कागदावर दिसतो त्याहून बराच चांगला असतो. आणि दोनदा लागोपाठ झोपलेला, विक्रम कितीही छान असो, मला तरी नकोच.

अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं...

...म्हणून अ हा क ला हरवेल. हे गणित बंद करा. फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनीही अलीला हरवलं होतं. फोरमनने त्या दोघांनाही दोन-दोन राउंडांत गुंडाळलं. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीने फोरमनला आठव्या राउंडमध्ये झोपवलं. पन्नास वर्षं झाली, तरी दर महिन्याला कोणीतरी हा त्रिकोण नव्याने काढून दाखवतो.

पुढच्या चुकांवर फार वेळ घालवत नाही, कारण त्या आळसातून होतात.

वजन होण्याआधी अंतिम कौल देऊ नका. जून २०२५ मध्ये कीशॉन डेव्हिस चार पौंडांहून जास्त भरला, किताब वजनकाट्यावरच गेला आणि लढतही झाली नाही. आठवडाभर आधी लिहिलेली सगळी विश्लेषणं रद्दीत. मी मसुदा आधी करतो, कौलाची ओळ वजनानंतर.

प्रतिस्पर्धी ऐनवेळी बदलला की जुन्या लेखात नाव बदलून तोच लेख पुढे ढकलू नका. २०१९ मध्ये जगज्जेत्या अँथनी जोशुआसमोर बदली म्हणून आलेल्या अँडी रुइझने त्याला सातव्या राउंडमध्ये संपवलं. बदली म्हणजे बळीचा बकरा असं समजणाऱ्यांसाठी २०२२ चं आणखी एक: जेसी 'बॅम' रॉड्रिगेझ आठवड्याहून कमी सूचनेवर, दोन वजनगट वर चढून आला आणि कार्लोस क्वाद्रासला हरवून जगज्जेता झाला.

लढत किती राउंडांची आहे ते बघा. हसू नका, निम्मे लोक बघत नाहीत. सहा राउंडांपुढे कधीच न गेलेला पोरगा पहिल्यांदा दहा राउंडांच्या लढतीत उतरतो तेव्हा ती वेगळीच परीक्षा असते.

मधली विश्रांती मोजा. विजेंदर सिंग १२ पैकी १२ जिंकून, नोव्हेंबर २०१९ नंतर थेट मार्च २०२१ मध्ये गोव्यात रिंगणात उतरला आणि आर्टिश लोप्सानसमोर पाचव्या राउंडमध्ये लढत थांबवावी लागून हरला. वय ३५, मधे सोळा महिने रिकामे. विक्रमात मात्र उतरतानाही शून्यच दिसत होतं.

पत्रकार परिषदेतल्या तमाशावरून मानसशास्त्र सांगू नका. एप्रिल २०२४ मध्ये रायन गार्सियाचं वागणं बघून लोकांनी त्याला आधीच हरवून टाकलं होतं. तो वजनातही बसला नाही. आणि मग त्याने डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडलं. पुढे उत्तेजक चाचणीत तो सापडला आणि निकाल रद्द झाला, तो भाग वेगळा. पण तमाशावरून काढलेला अंदाज चुकलाच होता.

"काहीही होऊ शकतं" असं लिहून लेख संपवू नका. मग लिहिलाच कशाला?

आणि उलटी चूक: पहिल्या पराभवानंतर मोडीत काढणं

शून्य गेलं की तेच भक्त दुसऱ्या टोकाला जातात. गुडघा टेकल्याबद्दल ड्युबुआला लोकांनी काय काय म्हटलं ते आठवतं. डोळ्याचं हाड मोडलेल्या पोराला "मन नाही" असं घरी सोफ्यावर बसून लिहिणं सोपं असतं. २०२३ मध्ये तो जगज्जेत्या ओलेक्झांडर उसिककडूनही हरला आणि मग तर त्याचं नाव काढणंही बंद झालं.

माझ्याकडे भाकितांची एक वही आहे. तारीख, कौल, कारण, आणि लढतीनंतर लाल पेनाने निकाल. पान फाडायचं नाही एवढा एकच नियम. ड्युबुआ-जॉइसचं पान त्यात आहेच, त्या "सोपं लक्ष्य"सकट. पुढे जून २०२४ मध्ये ड्युबुआने अपराजित हर्गोविचला आठव्या राउंडमध्ये थांबवलं, तेव्हा तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. सप्टेंबरमध्ये वेम्बलीत तो जोशुआसमोर उभा राहिला. मी जॉन्सनची लढत पुन्हा काढून पाहिली, आवाज बंद करून, आणि लिहिलं: "ड्युबुआ दबावाखाली मोडतो. जोशुआ, मध्यावर." सहा वर्षं जुन्या लढतीवरून. त्याने जोशुआला अनेकदा खाली पाडलं आणि पाचव्या राउंडमध्ये झोपवलं. त्या पानावर लाल शाई जरा जास्तच आहे.