पॅच न येणारे कॅमेऱ्याचे प्लगइन संगणकावरून कसे काढावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत पेढीवर ज्या संगणकावर हळदीच्या सौद्यांचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार होतात, त्याच संगणकावर बहुधा दुकानाचे कॅमेरेही पाहिले जातात. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, जुना असेल, तर त्याचे पान क्रोममध्ये चित्र दाखवत नाही. ते इंटरनेट एक्सप्लोरर मागते आणि त्यात ऐक्टिव्हएक्स जातीचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम, बसवून घेते. एकदा होकार दिला की ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. इंटरनेट एक्सप्लोररचे समर्थन 15 जून 2022 रोजी संपले, तरी एज ब्राउझरमधील आयई मोडमुळे (इंटरनेट एक्सप्लोररसाठीची जुनी पाने उघडण्याच्या सोयीमुळे) अशी प्लगइन्स आजही चालतात.

डीव्हीआरचे ते मॉडेल उत्पादकाने बंद केले असेल आणि नंतर प्लगइनमध्ये सुरक्षेचा दोष सापडला, तर त्यावर पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणारे अपडेट, येण्याची आशा नसते. मग 'अपडेट करा' हा नेहमीचा सल्ला कामाचा राहत नाही आणि प्लगइन काढून टाकणे हाच खरा उपाय उरतो.

धोका नेमका कोठे आहे, हे आधी समजून घ्यावे, कारण पुष्कळांचा समज असा असतो की आपण फक्त आपलेच कॅमेरे पाहतो, मग भीती कसली? ऐक्टिव्हएक्स प्लगइन एकदा संगणकात नोंदले गेले की ते केवळ डीव्हीआरच्या पानापुरते राहत नाही. 'स्क्रिप्टसाठी सुरक्षित' अशी खूण त्याच्यावर उत्पादकाने केलेली असेल, तर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये किंवा आयई मोडमध्ये उघडलेले दुसरे एखादे पानही त्याला हाक मारू शकते. प्लगइन ज्या खात्यातून चालते त्या खात्याचे सारे अधिकार त्याला मिळतात, म्हणून दोषाचा फायदा घेणाऱ्याच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून पूर्ण संगणकच जातो. जुलै 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच व्हिडिओ ऐक्टिव्हएक्स कंट्रोलबाबत, म्हणजे अशाच एका प्लगइनबाबत, असे घडले होते. विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांवर हल्ले सुरू झाले होते आणि पॅच तयार नव्हता. 6 जुलैला कंपनीने तो कंट्रोल बंद करण्याचाच तात्पुरता मार्ग सुचवला आणि 14 जुलैला जो अधिकृत पॅच आला, त्यानेही तो कंट्रोल बंदच केला.

काढण्यापूर्वी कॅमेरे पाहण्याची दुसरी सोय करून ठेवावी, नाहीतर संध्याकाळपर्यंत प्लगइन पुन्हा बसलेले असेल. सर्वांत सोपे म्हणजे डीव्हीआरला थेट वेगळा मॉनिटर जोडणे. संगणकावरच पाहायचे असेल आणि डीव्हीआर आरटीएसपी पद्धतीने (नेटवर्कवरून थेट चित्र पाठवण्याच्या पद्धतीने) चित्र देत असेल, तर व्हीएलसी प्लेअरच्या 'मीडिया' यादीत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' निवडून तेथे डीव्हीआरचा पत्ता द्यावा. यासाठी सहसा 554 क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते. पत्त्याचा पुढचा भाग मॉडेलनुसार बदलत असल्याने तो माहितीपुस्तिकेतून घ्यावा.

विंडोज 10 वर कंट्रोल पॅनेलमधील 'इंटरनेट ऑप्शन्स' उघडून 'प्रोग्रॅम्स' या टॅबमधून 'मॅनेज ॲड-ऑन्स'मध्ये जावे. डावीकडे 'ऑल ॲड-ऑन्स' निवडल्याशिवाय पूर्ण यादी दिसत नाही, आणि पुष्कळजण येथेच फसतात. आपले प्लगइन सापडले की 'मोअर इन्फर्मेशन'मधून त्याचा क्लास आयडी (ओळख क्रमांक) लिहून घ्यावा आणि ते 'डिसेबल' करावे. त्यानंतर कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रॅम यादीतून ते अनइन्स्टॉल करावे. तेथे त्याचे नावच नसेल, तर विंडोजच्या 'डाउनलोडेड प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये पाहावे.

काढल्यावर ते परत बसले तरी चालू नये, यासाठी 'किल बिट' ही बंदीची खूण लावता येते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'ऐक्टिव्हएक्स कम्पॅटिबिलिटी' या शाखेत त्या क्लास आयडीखाली 'कम्पॅटिबिलिटी फ्लॅग्ज' हे मूल्य हेक्साडेसिमल 400 ठेवायचे असते, आणि 64-बिट विंडोजवर 32-बिट प्लगइनसाठीच्या वेगळ्या शाखेतही तेच करावे लागते. रजिस्ट्रीत एखादी चूक महागात पडते, त्यामुळे हे काम जाणकाराकडून बॅकअप घेऊनच करून घ्यावे.

डीव्हीआरकडेही पाहिले पाहिजे. कुपवाडच्या गोदामातील कॅमेरे यार्डातल्या पेढीवर दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी थेट डीव्हीआरकडे पाठवण्याची व्यवस्था) केलेले असते, आणि त्यामुळे डीव्हीआरचे लॉगिन पान साऱ्या जगासाठी उघडे राहते. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डच्या आधारे ताब्यात घेतले होते. म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग काढावे, उपकरणांना असे मार्ग आपोआप उघडू देणारे राउटरवरील यूपीएनपी बंद करावे, पासवर्ड बदलावा आणि दूरच्या गोदामासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी, वापरावे.

प्लगइनशिवाय काम भागतच नसेल, तर एखादा जुना संगणक केवळ कॅमेऱ्यांसाठी ठेवावा, त्यावर बँक किंवा ईमेल उघडू नये, आणि एजमधील आयई मोड फक्त डीव्हीआरच्या पत्त्याला द्यावा.

शेवटी संगणक पुन्हा सुरू करून डीव्हीआरचे पान उघडावे. त्याने प्लगइन मागितले म्हणजे काम नीट झाले. अर्थात ते बटण दाबायचे नाही. कॅमेरे दुरुस्त करायला येणारा माणूस मात्र सवयीने ते दाबतो. पेढीवरचे रोजचे खाते 'स्टँडर्ड' ठेवले, तर त्या वेळी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला जातो, आणि तो दिवाणजींच्या वहीत लिहून न ठेवता मालकांनी स्वतःजवळच ठेवावा.