बाळ यायच्या आधी बिलं पाठवा, बाकी नंतर

दुसऱ्या खेपेचे सात महिने भरत आलेत, तारीख ऑगस्टची आहे. मी घरी बसून भाषांतराची कामं घेते. पहिल्या वेळी बाळंतविडा अगदी चोख होता, कामाचा मात्र पार बोजवारा उडाला. म्हणून या वेळी आधीच लिहून काढतेय. झबली, टोपडी, दुपटी, डिंकाचे लाडू सांगायला दारात दहा बायका असतात, त्यामुळे ते इथे नाही.

पहिलं काम बिलांचं. सातव्या महिन्यातच, झालेल्या प्रत्येक कामाचं. अर्धं काम झालं असेल तर अर्ध्याचं. मागच्या वेळी डोहाळजेवण झाल्यावर मी तासगावला माहेरी गेले. लॅपटॉप नेला, पण बिलाचा नमुना, पॅनकार्डची प्रत आणि कोणाकडून किती येणं आहे ती वही सांगलीतच राहिली. म्हटलं, बाळंतपण झालं की निवांत पाठवू. निवांत! मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी झाली आणि बिलं गेली मे महिन्यात. एका ठिकाणाहून उत्तर आलं, मार्च एंड झाला, नव्या तारखेचं बिल द्या. ३८ हजार रुपये हातात पडायला ऑगस्ट उजाडला. तोवर दवाखान्याचे पैसे नवऱ्याने एफडी मोडून भरले होते. त्या अकाउंटवाल्याला शिव्या घालून काय उपयोग, जानेवारीचं बिल मेमध्ये मीच पाठवलं होतं.

नोकरीवालीला पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आपल्याला कोण देणार? आपला रजेचा पगार म्हणजे आधी वसूल केलेलं येणं. म्हणून बिलं पाठवा, आणि पाठवून गप्प बसू नका, फोन करा. वहीचा फोटो काढून नवऱ्याच्या मोबाईलवरही ठेवा.

काम देणाऱ्यांना डॉक्टरांनी दिलेली तारीख सांगू नका, तिच्या तीन आठवडे आधीची सांगा. परतायची तारीख मात्र मोघम ठेवा. मी सव्वा महिना म्हणाले होते. सव्वा महिन्यात माणूस धड बसतसुद्धा नाही. तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास धरा आणि उरलेला हिशेब तुम्हीच करा. पहिले तीन महिने 'आज संध्याकाळपर्यंत हवंय' छापाचं काम घ्यायचंच नाही. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या लशींच्या तारखा कॅलेंडरवर आधीच मांडा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीही द्यायचं कबूल करू नका. इंजेक्शननंतर ताप येऊ शकतो आणि बाळ खांद्यावरून उतरत नाही.

बसायची जागा. टेबल-खुर्ची विसरा, भिंतीला टेकून गादी टाका. बाळाला पायावर घेऊन झोपवलं की आपण तिथेच खिळलो. ते झोपलं, लॅपटॉप चार टक्क्यांवर आला आणि चार्जर समोरच्या भिंतीला, असं माझं तीनदा झालं. पाय हलवला की संपलं. तेव्हा लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, पाण्याची बाटली, मोबाईल, सगळं डाव्या हाताला.

सासूबाई म्हणतात, "आहे की मी." त्या आहेतच, पण तेवढ्यावर कोणाला तारीख देऊ नका. वेळ बोलून ठरवा. सकाळी मालीश, अंघोळ, शेक झाला की आमचं बाळ दीड-दोन तास गाढ झोपायचं. नेमक्या त्याच वेळी बाळ बघायला पाहुणे यायचे, सासूबाई चहात अडकायच्या आणि मी पदर सावरत बाहेर. पाहुण्यांना संध्याकाळी पाचनंतर बोलवा, आणि हे नवऱ्याने सांगायचं, सुनेने नाही.

दूध काढून ठेवणार असाल तर खोलीत चार तास चालतं असं म्हणतात, ते २५ अंशांच्या खोलीत. सांगलीच्या एप्रिलात नाही, थेट फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस टिकतं, पण आत मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. वाटीवर तारीख-वेळ लिहा, नाहीतर कोणीतरी चहात ओतेल. हसू नका.

जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि आमच्यासारखे सांगलीच्या गावभागात, नदीकाठी राहत असाल तर आणखी एक. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका असला तरी पोटुशी बाई ४५ ची वाट बघत नाही. आम्ही ४० लाच विश्रामबागला नणंदेकडे जायचं ठरवलंय. दवाखान्याची फाईल, लॅपटॉप आणि बिलांची वही एकाच पिशवीत. हो, वही. मागच्या वेळी काय राहिलं होतं ते वर लिहिलंय.

लाईट जाते, इन्व्हर्टरचं पाणी बघून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, ते नवऱ्याकडे.

चौथ्या महिन्यापासून थोडं थोडं काम घ्या, जुन्या माणसांचंच, नव्यांचं नको. सहा महिने पूर्ण होऊन वरचं अन्न सुरू झालं की दूध पाजण्यातला वेळ वाचतो आणि भरवण्यात जातो. रांगायला लागलं की वायरी वर बांधा. त्यापुढचं तेव्हा बघू, आत्ता बसवत नाही.

आणि दर महिन्याच्या ५ तारखेला बिलं. त्या तासाभरात बाळ कोणाकडे, ते ४ तारखेच्या रात्रीच ठरवायचं.