हेड कोच बदलल्यावर पुढच्या हंगामाचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात घरातला मुलगा किंवा भाची शिकायला गेली, की वर्षभरात त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नाव घरच्यांच्याही तोंडी बसते. मग नोव्हेंबरअखेर एक दिवस बातमी येते, की हेड कोचला काढले किंवा तो दुसरीकडे गेला, आणि पुढचे नऊ महिने सगळे एकच विचारत राहतात: आता पुढच्या वर्षी काय होणार? (फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.) या प्रश्नाचे बरेचसे बरोबर उत्तर ऑगस्टपर्यंत काढता येते. फक्त त्यासाठी नव्या हेड कोचच्या नावाकडे सर्वांत शेवटी पाहावे लागते, आणि बहुतेक जण नेमके उलट करतात.

आधी प्रत्यक्ष डाव कोण आखतो, ते शोधावे. कॉलेज फुटबॉलचा हेड कोच खेळाडू मिळवणे, देणगीदारांची मर्जी राखणे, शिस्त आणि पत्रकार परिषदा अशा शंभर गोष्टींत अडकलेला असतो. आक्रमणातला प्रत्येक प्ले, म्हणजे आखलेली चाल, बहुतेक संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ठरवतो आणि बचावाची मांडणी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर करतो, तर काही हेड कोच यांपैकी एक काम स्वतःकडेच ठेवतात. म्हणून हेड कोच कायम राहिला तरी दोन्ही कोऑर्डिनेटर गेले असतील, तर तो संघ पुढच्या वर्षी निम्मा नवा आहे असे धरून चालावे.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण लुइझियाना स्टेटचे, म्हणजे एलएसयूचे आहे. २०१८ मध्ये या संघाने १० सामने जिंकले होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमणात पास टाकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याच्या पासवर झालेले टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले मोठे गुण, होते १६. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक पासिंग गेम कोऑर्डिनेटर म्हणून आला. हेड कोच एड ऑर्जेरॉन तेच, क्वार्टरबॅक तोच. पण बरोचे टचडाउन ६० झाले आणि संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर काही दिवसांतच ब्रेडी कॅरोलिना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेला, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाचा हेड कोच झाला आणि बरोसकट १४ खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडले गेले. २६ सप्टेंबर २०२० रोजी, कोविडमुळे बरेचसे रिकामे ठेवलेल्या बॅटन रूजच्या मैदानावर, या विजेत्या संघाचा पहिला सामना मिसिसिपी स्टेटशी झाला. नवे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बो पेलिनी यांनी बचावाची मांडणी बदलली होती आणि प्रतिस्पर्ध्यांच्या रिसीव्हरांना (पास झेलणाऱ्यांना) माणसामागे माणूस लावून अडवायचा हट्ट त्यांनी सामनाभर सोडला नाही. रिसीव्हरांना अडवणारा सर्वांत भरवशाचा खेळाडू, कॉर्नरबॅक डेरेक स्टिंगली, त्या दिवशी आजारी होता, हेही खरे. मिसिसिपी स्टेटच्या के. जे. कोस्टेलोने ६२३ यार्डांचे पास टाकले, जो एसईसी या गटातला विक्रम ठरला, आणि एलएसयू ३४-४४ असा हरला. हंगाम ५-५ वर (पाच विजय, पाच पराभव) संपला आणि पेलिनींना एका वर्षात निरोप मिळाला. हेड कोच मात्र तिन्ही वर्षे एकच होता, हे विसरू नये.

यावरून कामाची पद्धत अशी निघते: डिसेंबरपासून एका वहीत तीन नावे लिहून ठेवावीत, ती म्हणजे आक्रमण कोण चालवतो, बचाव कोण चालवतो आणि ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभे राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांना, कोण शिकवतो. प्रत्येक नावापुढे तो माणूस हेड कोचबरोबर पूर्वी किती वर्षे होता, हे टिपावे. कॉलेजच्या प्रशिक्षकाचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर असते, त्यामुळे हा इतिहास सहज सापडतो.

नवा हेड कोच एकटा आला की बिऱ्हाडबाजल्यासह आला, यावर फार काही अवलंबून असते. कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियाना विद्यापीठात आले, तेव्हा तो संघ नुकताच ३-९ असा हंगाम संपवून बसला होता. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले दोन्ही कोऑर्डिनेटर, माइक शॅनहन आणि ब्रायंट हेन्स, सोबत आणले. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) तिथलेच १३ खेळाडूही आणले. थोडक्यात, इंडियाना विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनमध्ये, पहिल्याच सराव सत्रात निम्म्या वर्गाला धडा पाठ होता. २०२४ चा हंगाम ११-२ झाला, आणि त्यापुढच्या हंगामात तर १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. असे दरवर्षी घडत नाही, पण घडले त्यामागचे कारण जानेवारी २०२४ मध्येच कागदावर दिसत होते.

याउलट केलन डीबोअर यांचे पाहा. अलाबामा विद्यापीठाचे हेड कोच निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्ती जाहीर केली आणि दोनच दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टनहून डीबोअर यांना आणले. वॉशिंग्टन तेव्हा १४-१ चा हंगाम करून, अंतिम सामन्यात मिशिगनकडून हरून आले होते. पण डीबोअर यांचा जुना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर रायन ग्रब अखेर सिअ‍ॅटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाकडे गेला. ग्रबशिवायचा अलाबामाचा पहिला हंगाम ९-४ झाला आणि त्यात व्हँडरबिल्टकडून झालेला पराभव चाहत्यांच्या जिव्हारी लागला. मागे राहिलेले वॉशिंग्टन मात्र ६-७ वर घसरले. तेव्हा अंदाज बांधताना दोन्ही टोके पाहावीत: प्रशिक्षक जिथे गेला ते, आणि जिथून गेला तेही.

दुसरे काम खेळाडूंच्या हिशेबाचे. हेड कोच गेला की त्याच्या खेळाडूंना पोर्टलमध्ये जाण्यासाठी वेगळी मुदत मिळते, त्यामुळे कोच गेल्याच्या बातमीनंतरचे काही आठवडे त्या बातमीहून महत्त्वाचे असतात. सेबन गेल्यावर बचावाच्या शेवटच्या फळीतला (सेफ्टी) केलब डाउन्स अलाबामा सोडून ओहायो स्टेटला गेला आणि वर्षभरात तिथे विजेता झाला. ऑफेन्सिव्ह लाइनचा केडिन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि दोन महिन्यांत परतही आला. म्हणून जानेवारीतल्या याद्यांवर अंतिम मत बनवू नये. यादी पाहताना क्वार्टरबॅक आणि ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण यांना बाकी सगळ्यांच्या वर ठेवावे. लाइनचे पाच जण एकमेकांच्या पायांचा अंदाज घेत खेळतात आणि ती सवय विकत मिळत नाही. माझा ढोबळ नियम असा, की पाचांपैकी तीन जुने असतील आणि क्वार्टरबॅकने कॉलेज पातळीवर निदान एक पूर्ण हंगाम खेळलेला असेल, तर नव्या कोऑर्डिनेटरची फारशी धास्ती घेऊ नये; यातले काहीच नसेल, तर कोच कितीही नामांकित असला तरी पहिल्या वर्षी सहा-सात विजयांवर समाधान मानायची तयारी ठेवावी.

वसंतातल्या सरावाला संघाला १५ सत्रे मिळतात. त्यानंतरचा स्प्रिंग गेम म्हणजे जत्रा असते. तिथल्या गुणसंख्येवरून काहीही ठरवू नये. दुसऱ्या फळीत कोण कुठे उभा राहतो, एवढे पाहिले तरी पुरे.

आता पैशांचा भाग, कारण प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा हा निर्णय पुष्कळदा करारातल्या बायआउटच्या, म्हणजे मुदतीआधी काढल्यास कोचला द्याव्या लागणाऱ्या, रकमेवर होतो. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा त्यांचे देणे साडेसात कोटी डॉलरहून अधिक होते. एवढे पैसे मोजून कोच काढणारे विद्यापीठ पुढच्या माणसालाही फार वेळ देईल, असे समजू नये. मात्र सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट नेब्रास्काची. २०२१ मध्ये तो संघ ३-९ असा संपला आणि नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले होते. आकडेवारी मांडणारे म्हणाले, हे निव्वळ दुर्दैव, पुढच्या वर्षी फासे पलटतील. विद्यापीठाने हेड कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना कमी पगारावर कायम ठेवले, आक्रमणाचे चार सहायक काढले आणि नवा कोऑर्डिनेटर आणला. २०२२ चा पहिला सामना डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नशी होता. २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी अचानक ऑनसाइड किकचा (चेंडू परत आपल्याच ताब्यात यावा म्हणून मारलेल्या आखूड किकचा) जुगार खेळला, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला आणि नेब्रास्का २८-३१ असा हरला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने त्यांना ४५-४२ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरचे देणे निम्म्यावर येणार होते, पण तीन आठवडे थांबायचीही कोणाची तयारी नव्हती.

थोड्या गुणांनी हरलेले सामने साधारणपणे नशिबाचा भाग असतात हे खरे आहे, आणि टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ असेच निसटते सामने जिंकत २०२२ मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला, तिथे जॉर्जियाकडून ७-६५ असा चिरडला गेला आणि पुढच्या वर्षी ५-७ वर आला, हा त्याच नियमाचा पुरावा. पण तोच माणूस तशाच वेळी तसाच चुकत असेल, तर त्याला दुर्दैव म्हणू नये. आदल्या हंगामातल्या निसटत्या पराभवांची शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहावीत. टाइमआउट, किक आणि चौथ्या डाउनवरचे (शेवटच्या प्रयत्नाचे) निर्णय कोणाचे होते, ते कळते.

वेळापत्रक शेवटी तपासावे: कठीण सामने घरी आहेत की बाहेर, आणि ते लागोपाठ आहेत का. मग अपेक्षित विजयांचा एक आकडा लिहून वही मिटावी आणि सप्टेंबरअखेरीपर्यंत उघडू नये.

आणि तरीही आकडा चुकेल. २०२५ मध्ये पेन स्टेटकडे अनुभवी क्वार्टरबॅक होता, दोन नावाजलेले रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) होते, आणि ओहायो स्टेटला विजेतेपद मिळवून देणारे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जिम नोल्स वर्षाला ३१ लाख डॉलरवर आणलेले होते. वर सांगितलेल्या कसोट्यांवर त्या संघाला मीही वरचेच गुण दिले असते. ४ ऑक्टोबरला त्यांची गाठ यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाशी पडली, जे तोवरचे चारही सामने हरले होते, ज्यांनी हेड कोच आधीच काढला होता आणि ज्यांचे प्ले त्याच आठवड्यापासून जेरी न्यूहायझेल हा सहायक आखू लागला होता. यूसीएलए ४२-३७ असा जिंकला, आणि आठ दिवसांनी पेन स्टेटचे हेड कोच जेम्स फ्रँकलिन यांची नोकरी गेली.