कुराशिकीची जुनी पेठ पाहताना या चुका टाळा

जपानच्या ओकायामा प्रांतातील कुराशिकीला निघालेल्या प्रवाशाची पहिली फसगत बहुधा रेल्वेच्या नकाशावरच होते. 'शिन-कुराशिकी' हे शिंकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, स्थानक नावावरून सोयीचे वाटते. परंतु जुनी व्यापारी पेठ तिथून दूर आहे आणि वेगवान नोझोमी गाड्या तिथे थांबतही नाहीत. ओकायामाला उतरून सान्यो मार्गाची लोकल धरावी, म्हणजे वीसएक मिनिटांत कुराशिकी येते आणि तिथून पेठ पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. चुकून शिन-कुराशिकीला उतरलातच, तर टॅक्सीवर खर्च करू नये, कारण तिथूनही लोकलने कुराशिकी दुसऱ्याच थांब्यावर आहे.

सोमवार शक्यतो टाळावा. १९३० साली सुरू झालेले, युरोपीय चित्रकार एल ग्रेकोचे चित्र बाळगणारे ओहारा कलासंग्रहालय एरवी सोमवारी बंद असते.

सर्वांत मोठी चूक मात्र पाहण्यातली आहे. बहुतेक जण कालव्यावरच्या पुलावरून छायाचित्रे काढतात, आइस्क्रीम खातात आणि परततात. १६४२ पासून शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, थेट अंमलाखाली आलेल्या या गावात भात आणि कापूस होड्यांतून याच कालव्याने येत-जात असे. भोवतालची बरीच जमीन समुद्र हटवून मिळवलेली, म्हणून खारट, आणि तिथे खारेपण सोसणारा कापूस चांगला येई. हे ठाऊक असले की काठावरच्या पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या माल चढवण्या-उतरवण्यासाठी होत्या, हे आपोआप उमगते. गोदामांच्या भिंतींवरील काळ्या चौकोनी फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवरचा पांढऱ्या गिलाव्याचा फुगीर कंगोराही नुसता शोभेचा नाही. पाऊस आणि आग यांपासून मालाचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा व्यापारी हिशेब होता. मुख्य रस्त्यापलीकडचे ओहाशी या व्यापारी घराण्याचे १७९६ सालचे घर तर अनेकांच्या यादीतच नसते. सामान्य व्यापाऱ्याला सहसा बांधू न दिला जाणारा, खोल्या जोडलेला लांबट दरवाजा त्याला आहे. माझ्या मते कालव्यावरच्या नौकाफेरीपेक्षा तो अधिक सांगून जातो.

होनमाची आणि हिगाशीमाची या मागच्या गल्ल्यांत आजही लोक राहतात, तेव्हा लाकडी जाळीच्या खिडक्यांना कॅमेरा लावून आत डोकावू नये. दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटू लागतात, त्यामुळे दुपार उलटल्यावर आलेल्यांना बंद दारेच पाहावी लागतात. शांत पेठ हवी असेल, तर मुक्काम करून सकाळी लवकर बाहेर पडावे.

शाकाहारी प्रवाशांनी 'मांस-मासे नकोत' एवढेच सांगून निर्धास्त राहू नये. उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, रश्शात मासा दिसत नसला, तरी त्याचा आधार बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे 'दाशी' हेच पाणी असते. म्हणून दाशी कशाचे आहे, हे मागवण्यापूर्वीच विचारावे आणि सोबत थोडा कोरडा खाऊ ठेवावा.