या चुका टाळा: हॅन्डहेल्डसाठी टॅक्टिकल आरपीजी निवडताना

टॅक्टिकल आरपीजी, म्हणजे चौकटींच्या पटावर एकेक चाल करत आपली पात्रं लढवायची आणि वाढवायची असे गेम. हा प्रकार हॅन्डहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलवर, जितका खुलतो तितका टीव्हीसमोर खुलत नाही. आपली चाल ठरेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही, बोटांची कसरत नाही, आणि कुणी हाक मारली तर कन्सोल झोपवून सरळ उठता येतं. तरीही हौसेनं घेतलेले आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात सोडून दिलेले गेम विचारले, तर याच प्रकारातली नावं भराभर पुढे येतात. बहुतेक वेळा गेम वाईट नसतो. घेताना लोक बघतात ते परीक्षणांतले गुण, चित्रं आणि तो किती तास पुरेल हे. एक लढाई किती वेळ खाते आणि दोन लढायांच्या मधे गेम आपल्याकडून काय करून घेतो, हे मात्र बघायचं राहून जातं. खरा निर्णय तिथेच होतो.

चौकटींचा पट दिसला की सगळे एकाच जातीचे समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निन्टेन्डो स्विचवरचे फायर एम्ब्लेम मालिकेतले दोनच गेम घ्या. २०१९ चा ‘थ्री हाउसेस’ आणि २०२३ चा ‘एंगेज’ एकाच मालिकेतले, पण खेळणाऱ्याकडून मागणी अगदी वेगळी. ‘थ्री हाउसेस’मध्ये तुम्ही मठातल्या शाळेत शिक्षक असता. कॅलेंडर पुढे सरकतं, विद्यार्थ्यांना कोणतं शस्त्र शिकवायचं ते ठरवायचं, कुणाला चहाला बोलवायचं, कुणाची हरवलेली वस्तू परत करायची, मासेसुद्धा पकडायचे. एकही लढाई न होता संध्याकाळचा तासभर सहज जातो. ज्याला माणसं जोडायला आवडतात त्याला हा गेम सोडवत नाही. ‘एंगेज’चं सगळं वजन पटावर आहे. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला हा जुना त्रिकोण तिथे परत आला, आणि योग्य शस्त्रानं मारलं की समोरच्याला त्या वेळी उलट वारच करता येत नाही. कथा त्या मानानं साधी. एक आवडला म्हणून डोळे मिटून दुसरा घेणारे हमखास निराश होतात. माझं मत विचाराल तर पात्रांसाठी ‘थ्री हाउसेस’ आणि लढायांसाठी ‘एंगेज’. दोन्ही एकाच गेममध्ये शोधू नका.

‘ट्रँगल स्ट्रॅटेजी’ (२०२२) मध्ये संवाद भरपूर आहेत, आणि सुरुवातीला तर लढाया अगदी तुरळक. पण ते संवाद भरतीचे नाहीत. मोठ्या निर्णयाच्या वेळी सगळे साथीदार तराजूत आपापलं मत टाकतात आणि बहुमत लागू होतं. तुमचा नायक एकटा काही ठरवू शकत नाही, त्याला एकेकाला गाठून समजूत घालावी लागते, आणि गावात हिंडून ऐकलेली एखादी माहिती तिथे कामी येते. संवाद भराभर पुढे ढकलायची सवय असेल तर या गेमचा जीवच हातातून जातो. स्विचवर याचा डेमो आला तेव्हा त्यात पहिली तीन प्रकरणं होती आणि तिथली प्रगती पूर्ण गेममध्ये नेता येत होती. म्हणून आधी डेमो.

‘डिस्गाया’चा कारभार निराळा. या मालिकेच्या बहुतेक भागांत पात्रांची लेव्हल ९९९९ पर्यंत जाते, आणि प्रत्येक वस्तूच्या पोटात एक वेगळं जग असतं, तिथे मजल्यामागून मजला उतरत ती वस्तू बळकट करायची. कथा संपल्यावरच खऱ्या अर्थानं गेम सुरू होतो, असं त्याचे चाहते मानतात. आकडे वाढताना बघून सुख होणाऱ्यांसाठी हा खजिना आहे. एकच पट पुन्हा खेळायचा कंटाळा असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

‘युनिकॉर्न ओव्हरलॉर्ड’च्या देखण्या चित्रांवरून फसगत होते. तिथे नकाशावर सैन्य वेळेबरोबर सरकत राहतं आणि चकमकी आपोआप लढल्या जातात. तुमचं कौशल्य आधी नियम लावण्यात आहे: कुणी कधी ढाल उचलायची, कुणी आधी बरं करायचं. मला तो मनापासून आवडतो, पण ‘माझी चाल, मग तुझी चाल’ या अपेक्षेनं घेऊ नका.

आणि डोंबिवली ते सीएसएमटी बसायला जागा मिळाली एवढाच खेळायचा वेळ असेल, तर ‘इन्टु द ब्रीच’. आठ बाय आठचा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या वेळी नेमका कुठे मारणार ते आधीच दिसतं. मोजक्या चालींत लढाई संपते. काटेकोर बघितलं तर ही आरपीजी नव्हे, पण डावपेचांची भूक भागवते.

काठिण्यपातळी पहिल्या संध्याकाळी घाईनं ठरवणं

फायर एम्ब्लेममध्ये ‘क्लासिक’ निवडलं की पडलेलं पात्र कायमचं जातं. ‘कॅज्युअल’मध्ये ते पुढच्या लढाईला परत येतं. ही सोय मालिकेत २०१० पासून आहे आणि ती वापरण्यात कमीपणा काही नाही. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच: ‘थ्री हाउसेस’मध्ये पातळी मधेच खाली आणता येते, वर नेता येत नाही. क्लासिकवरून कॅज्युअलवर जाता येतं, उलट नाही. म्हणून मन द्विधा असेल तर एक पायरी वरून सुरुवात करा. ‘ट्रँगल स्ट्रॅटेजी’त पातळी केव्हाही बदलता येते, तिथे डोकं शिणवू नका.

एक पात्र पडलं की लढाई पहिल्यापासून सुरू करणारे बरेच आहेत. चाळीस मिनिटांची लढाई तीनदा खेळून गेमचाच वीट येतो. आजच्या गेममध्ये वेळ मागे फिरवायची सोय असते, ती कंजूषपणे राखून ठेवू नका. ‘थ्री हाउसेस’मध्ये डिव्हाइन पल्स आहे, ‘टॅक्टिक्स ओग्र रीबॉर्न’मध्ये चॅरियट टॅरो या सोयीनं तब्बल ५० टर्न मागे जाता येतं. पात्र पडलं त्याच्या नुसतं एक चाल मागे जाऊन उपयोग होत नाही. ते पात्र एकटं पुढे कधी गेलं ते शोधा आणि तिथपर्यंत मागे जा.

एकालाच खाऊ घालणं

आवडता योद्धा प्रत्येक शत्रूला संपवत सुटतो, बाकीचे अनुभवाविना उपाशी राहतात, आणि मग गेम दोन आघाड्या उघडतो. हे जुनं दुखणं आहे. फायर एम्ब्लेमच्या बऱ्याच गेममध्ये सुरुवातीला एक तगडा घोडेस्वार हाताशी दिलेला असतो. त्यानं शत्रूला अर्धमेलं करून शेवटचा वार नवख्याला द्यावा, हा त्याचा खरा उपयोग.

मागे पडलेल्यांना वर आणायची सोय प्रत्येक गेममध्ये वेगळी आहे. ‘ट्रँगल स्ट्रॅटेजी’त कमी लेव्हलच्या पात्राला अनुभव झपाट्यानं मिळतो आणि लढाई हरलात तरी मिळवलेला अनुभव शिल्लक राहतो, त्यामुळे अडलात तर बिनधास्त हरा. ‘टॅक्टिक्स ओग्र रीबॉर्न’मध्ये सगळ्या फौजेला लेव्हलची मर्यादा आहे आणि ती कथेबरोबरच वाढते. तिथे तासन्‌तास सराव करून बलाढ्य होण्याचा बेत चालत नाही, तुकडी आणि सामान बदलावं लागतं. तुमचा स्वभाव ‘आधी ताकद वाढवू, मग भिडू’ असा असेल तर हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

एकाच जागी सेव्ह करत राहणं

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ पहिल्यांदा १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, २००७ मध्ये पीएसपी या हॅन्डहेल्डवर, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या रूपात स्विचवर. त्यातला रिओव्हानेस किल्ला या चुकीसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे लागोपाठ लढाया आहेत. पहिली संपली की सेव्ह करू का, असं गेम विचारतो, आणि पुढच्या लढाईत नायक रामझाला वीग्राफ या बलाढ्य शत्रूसमोर एकट्यानं उभं राहावं लागतं. जुन्या आवृत्त्यांत तिथून बाहेर पडून सराव करता येत नाही. एकच सेव्ह असेल आणि रामझा कच्चा असेल तर पंचवीस-तीस तासांचा खेळ तिथेच अडकतो.

उपाय साधा: किल्ल्याबाहेरचा एक सेव्ह वेगळ्या जागी ठेवा आणि त्याला हात लावू नका. अडकलाच असाल तर केमिस्ट या पेशाचं ऑटो-पोशन हे कौशल्य रामझाला देता येतं का बघा. मार लागला की तो आपोआप औषध घेतो. जुन्या आवृत्त्यांत मात्र आधी सगळ्यात हलकं औषध संपवलं जातं, म्हणून साधी पोशन विकून टाकून फक्त भारी ठेवायची. रामझाला स्वतःचा वेग वाढवता येतो, तेही पहिल्या काही चालींत करून घ्या. वेग वाढला की वीग्राफच्या एका चालीत तुमच्या दोन होतात आणि लढाईचं पारडं फिरतं.

यंत्र न बघता गेम घेणं

या प्रकारात वाचायचं फार असतं. स्विच लाइटचा पडदा ५.५ इंचांचा, आणि ‘थ्री हाउसेस’ची बारीक अक्षरं अनेकांना सलली. शिवाय लाइट टीव्हीला जोडता येत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये झूम सुरू करून ठेवा, म्हणजे होम बटण दोनदा दाबलं की चित्र मोठं होतं. स्टीम डेक हा पीसीचे गेम चालवणारा हॅन्डहेल्ड असेल तर ‘टॅक्टिक्स ओग्र’, ‘ट्रँगल स्ट्रॅटेजी’ आणि ‘डिस्गाया’ तिथेही मिळतात, फायर एम्ब्लेम मात्र निन्टेन्डोच्याच यंत्रावर.

भारतात स्विचची अधिकृत विक्री नाही, त्यामुळे आपल्याकडच्या दुकानांत कार्ट्रिज कुठल्याही देशाची येते. स्विचवर ती चालते, पण जपानी आवृत्तीत इंग्रजी असेलच असं नाही, आणि नंतर विकत घ्यायची जादा प्रकरणं काही गेममध्ये कार्ट्रिजच्याच प्रदेशाच्या खात्यातून घ्यावी लागतात. पैसे देण्याआधी खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या भाषा वाचा.